बरे वाटणे आणि बरे होणे

आमच्या लहानपणी तालुक्याच्या गावी एकच डॉक्टर होते, आणि त्यांच्या दवाखान्यात शिरताच डाव्या हाताला एका लाकडी खिडकीमागे त्यांचे कंपाउंडर बसलेले असत. घरून धुऊन आणलेली बाटली त्यांच्यापुढे ठेवली की ते मोठ्या बरणीतील गुलाबी मिक्श्चर तीत ओतीत, पांढऱ्या कागदाची लांबट पट्टी उभी दुमडून तिच्या कडेला कात्रीने नेमक्या अंतरावर खाचा पाडीत, आणि खळीचे बोट फिरवून ती पट्टी बाटलीच्या अंगाला अशा बेताने चिकटवीत की कंदिलाच्या अंधुक उजेडातही सहा डोस मोजता यावेत. आत डॉक्टर मनगटावर बोटे ठेवून, डोळे अर्धवट मिटून, बराच वेळ स्वस्थ बसत; मग जीभ पाहत, पोट दाबून पाहत, आजीच्या गुडघ्यांची विचारपूस करीत, आणि शेवटी माझ्याकडे वळून सांगत, "उद्या संध्याकाळपर्यंत ताप उतरेल. परवा मऊ भात खा. सोमवारी शाळेत जायचं." घरी येऊन ती बाटली फडताळात ठेवली गेली की एकही डोस पोटात जाण्यापूर्वी माझे अंग हलके वाटू लागे, आणि आई शेजारच्या काकूंना म्हणे, "डॉक्टरांना हातगुण आहे हो."

पुढे चार पुस्तके वाचल्यावर हा हातगुण मला भाबडेपणा वाटू लागला. साधा विषाणुजन्य ताप तीन-चार दिवसांत आपण होऊनच उतरतो, त्याला ना गुलाबी औषध लागते ना कोणाचा हात, हे ज्ञान नवे नवे हाती आले होते आणि ते मी घरात सर्वांना ऐकवीत असे. आज, आयुष्याचा बराचसा भाग आजाऱ्यांच्या उशाशी आणि इस्पितळांच्या बाकांवर काढल्यानंतर, माझे मत बदलले आहे. वैद्याच्या हाताला गुण आहे असे जेव्हा आपण म्हणतो तेव्हा त्या वाक्यात औषधाचे नावही नसते. गुण देणाऱ्याकडे असतो, घेणाऱ्याच्या विश्वासाकडे असतो, आणि तेच औषध दुसऱ्याने दिले असता तितका गुण येईलच असे नाही, हा त्या शब्दातील गर्भित दावा असतो. हा दावा तपासून पाहण्याजोगा आहे. किंबहुना तो दोन शतकांहून अधिक काळ तपासला जात आला आहे, आणि त्या तपासणीची हकीकत ज्याला ठाऊक आहे त्याला हातगुणाला हसता येणार नाही. तसेच हातगुणाच्या हवाली आपले प्राण करण्याचे धाडसही होणार नाही.

१७८४ साली फ्रान्सचा राजा सोळावा लुई याने एक चौकशी समिती नेमली. फ्रान्झ मेस्मर नावाच्या वैद्याने 'प्राणिज चुंबकत्वा'च्या बळावर रोगी बरे करण्याचा सपाटा पॅरिसमध्ये लावला होता, आणि त्याच्या विद्येत तथ्य किती याचा निर्णय करण्यासाठी बसविलेल्या मंडळींत रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि अमेरिकेचा फ्रेंच दरबारातील वकील बेंजामिन फ्रँकलिन असे पुरुष होते. फ्रँकलिनच्या बागेतील जर्दाळूच्या एका झाडात मेस्मरच्या शिष्याने आपली शक्ती भरली, आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून एकामागून एक झाडांपाशी नेण्यात आले. चौथ्या झाडापाशी मुलगा बेशुद्ध होऊन पडला. शक्ती भरलेले झाड तेथून दूर उभे होते. चुंबकत्व वगैरे काही नाही, हा सारा कल्पनेचा खेळ आहे, असा निवाडा समितीने दिला आणि तो बरोबरच होता. तथापि मुलगा पडला होता हे खरे, आणि कल्पनेने माणसाचे शरीर आडवे पडत असेल तर ती कल्पना क्षुद्र कशी म्हणावी, हा प्रश्न मात्र शिल्लकच राहिला.

तो प्रश्न पुढे नेला जॉन हेगार्थ या इंग्रज वैद्याने. अमेरिकेतील एलिशा पर्किन्स याने १७९६ साली धातूच्या दोन टोकदार सळ्यांचे पेटंट मिळविले होते. दुखऱ्या सांध्यावरून त्या सळ्या फिरविल्या की संधिवात, डोकेदुखी, सूज सारे काही ओसरते अशी त्यांची ख्याती लंडनपर्यंत पोचली होती, आणि त्या जोडीला पाच गिनी मोजणारे सधन लोक रांगेने उभे होते. हेगार्थने १७९९ च्या जानेवारीत बाथ येथील इस्पितळात लाकडाच्या तशाच सळ्या करवून घेतल्या, त्यांना धातूसारखा रंग दिला, आणि जुन्या संधिवाताच्या पाच रोग्यांवर त्या गंभीरपणे फिरविल्या. पाचांपैकी चौघांना उतार पडला. दुसऱ्या दिवशी त्याच रोग्यांवर धातूच्या अस्सल सळ्या फिरविल्या तेव्हाही फळ तेवढेच मिळाले. सळ्यांचे पितळ उघडे पडले एवढ्यावर दुसरा कोणी समाधान मानून स्वस्थ बसला असता, परंतु हेगार्थने पुढल्याच वर्षी जे छोटे पुस्तक लिहिले त्याचा विषय असा की कल्पना ही शरीराच्या व्याधींचे कारणही होऊ शकते आणि उपायही. लाकडाने चार माणसांचे दुखणे हलके झाले, या गोष्टीची लाज न बाळगता त्याने तिची नोंद केली, म्हणून मी त्याला या विषयाचा आद्य प्रामाणिक साक्षीदार मानतो.

आपल्या देशातही या प्रकरणाचा एक अध्याय घडला आहे. कंपनी सरकारच्या चाकरीतील जेम्स एस्डेल या स्कॉटिश सर्जनने १८४५ साली बंगालमधील हुगळी येथे मेस्मरच्या पद्धतीने रोग्यांना गुंगी आणून मोठमोठ्या गाठी कापल्या, आणि त्याची कीर्ती इतकी झाली की पुढील वर्षी सरकारने चौकशी करवून त्याला कलकत्त्यात प्रयोगापुरते इस्पितळ दिले. लवकरच ईथर आणि क्लोरोफॉर्म आले आणि ती विद्या मागे पडली. मागे पडली हे योग्यच झाले, कारण क्लोरोफॉर्म विश्वास ठेवणाऱ्याला आणि न ठेवणाऱ्याला सारखीच गुंगी आणते.

वेदना ही जखमेच्या मापाने मोजता येत नाही, हे मात्र त्यानंतर शंभर वर्षांनी एका रणभूमीवर पुन्हा प्रत्ययास आले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याबरोबर इटलीत गेलेल्या हेन्री बीचर या भूलतज्ज्ञाने दोनशेहून अधिक घोर जखमी सैनिकांना, वेदना शमविण्यासाठी काही हवे का, असे विचारले, आणि सुमारे तीन चतुर्थांश सैनिकांनी नको म्हणून सांगितले. तेवढीच जखम शांततेच्या काळात शस्त्रक्रियेने झाली असता नागरिक अधिक विव्हळत असत. बीचरने त्याचा अर्थ असा लावला की सैनिकाला ती जखम म्हणजे मरणातून सुटका आणि घरी जाण्याचा परवाना होती. पुढे १९५५ साली त्याने पंधरा अभ्यास एकत्र करून, निरौषधी गोळीने सरासरी ३५ टक्के रोग्यांना समाधानकारक आराम पडतो, असे लिहिले, आणि तो आकडा जगभर पसरला. आकडा फुगलेला होता असे पुढील टीकाकारांनी दाखवून दिले, आणि त्या टीकेकडे मी लवकरच येणार आहे. पण बीचरमुळे एक शिरस्ता पडला, तो असा की नव्या औषधाची परीक्षा निरौषधी गोळीशी तुलना केल्यावाचून पुरी झाली असे समजू नये. आज आपण जी खात्रीची औषधे घेतो त्यांपैकी बहुतेकांना या कसोटीतून जावे लागले आहे.

'मनाचे खेळ' म्हणून या गोष्टीला उडवून लावणाऱ्यांना उत्तर मिळाले ते १९७८ साली, सॅन फ्रान्सिस्को येथे, अक्कलदाढ काढलेल्या रोग्यांच्या तोंडातून. लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स या तिघांनी असे दाखविले की निरौषधी सुईने ज्यांची वेदना कमी होते त्यांना नॅलोक्सोन हे औषध दिले असता तो आराम नाहीसा होतो. नॅलोक्सोन हे अफूचा आणि मॉर्फीनचा परिणाम हाणून पाडणारे औषध आहे. म्हणजे विश्वास ठेवणाऱ्याच्या मेंदूत अफूच्या जातीचे, पण शरीराने स्वतःच तयार केलेले द्रव्य स्रवत होते, आणि वेदनेचा मार्ग तेच अडवीत होते. २००१ साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे कंपवाताच्या रोग्यांत असेच दिसले. औषध मिळणार या अपेक्षेनेच त्यांच्या मेंदूत डोपामिन वाढले, ज्या द्रव्याच्या तुटवड्यामुळे तो रोग होतो तेच द्रव्य. आईने बाटली फडताळात ठेवल्याबरोबर माझे अंग हलके होई यात लबाडी नव्हती, वेडेपणाही नव्हता.

परंतु या साऱ्या संशोधनातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रयोग निरौषधी गोळीचा नाही, खऱ्या औषधाचा आहे. इटलीतील तुरिन येथे फाब्रिझिओ बेनेदेत्ती आणि त्यांचे सहकारी यांनी शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांचे दोन गट केले. एका गटात डॉक्टर खाटेशी येऊन, आता तुम्हांला वेदनेवर प्रभावी औषध देतो, असे सांगून सुई देत. दुसऱ्या गटात शिरेला जोडलेले यंत्र तेच औषध कोणाच्याही नकळत सोडी. नकळत दिलेल्या औषधाचा उपयोग कमी झाला, आणि वेदना तेवढीच खाली आणण्यासाठी त्याची मात्रा पुष्कळ वाढवावी लागली. द्रव्य तेच, मार्ग तोच. उणा होता तो जवळ उभा राहून बोलणारा माणूस. हातगुण म्हणजे काय याची याहून नेमकी व्याख्या मला तरी सापडलेली नाही, आणि ती करताना बेनेदेत्तींनी कोणालाही खोटे सांगितले नव्हते. त्यांनीच २००६ साली आणखी एक गोष्ट दाखविली, जी वाचून मी पुस्तक मिटून काही वेळ बसलो होतो. स्मृतिभ्रंशाच्या ज्या रोग्यांच्या मेंदूचा पुढचा भाग इतर भागांशी नीट जोडलेला उरला नव्हता त्यांच्यात हा अधिकचा आराम नाहीसा झाला होता. ज्याला उद्याची अपेक्षाच करता येत नाही त्याला निव्वळ द्रव्यावर भागवावे लागते, म्हणून तितक्याच आरामासाठी त्याला औषध अधिक लागते. आपल्या घरांतील विस्मरण झालेली वृद्ध माणसे आपले दुखणे सांगू शकत नाहीत म्हणून त्यांना वेदनाशामक कमी दिले जाते, आणि येथे शास्त्र नेमके उलट सांगत आहे.

औषधाबरोबर दिलेला शब्द काय करतो याचे एक साधे माप इंग्लंडातील साउदॅम्प्टन येथील थॉमस या डॉक्टरांनी घेतले होते. ज्यांना तक्रार आहे पण निश्चित रोग सापडत नाही असे २०० रोगी त्यांनी निवडले. काहींना खात्रीने सांगितले, तुम्हांला हे अमुक आहे आणि काही दिवसांत बरे वाटेल. काहींना सांगितले, नक्की काय झाले आहे ते मला कळत नाही. दोन आठवड्यांनी पहिल्यांपैकी ६४ टक्के आणि दुसऱ्यांपैकी ३९ टक्के बरे वाटते म्हणाले. गोळी दिली की नाही यामुळे फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो शब्दाने. १९८७ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष वाचताना "सोमवारी शाळेत जायचं" हे वाक्य मला जसेच्या तसे ऐकू आले. शब्द मारकही असतो, हे येथेच सांगून टाकतो. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी अंग दुखते म्हणून त्या सोडून दिलेल्या ६० जणांवर लंडनमध्ये जो प्रयोग झाला आणि २०२० साली प्रसिद्ध झाला त्यात आलटून पालटून काही महिने खरी गोळी, काही महिने निरौषधी गोळी आणि काही महिने काहीच न देता असे आढळले की खऱ्या गोळीने होणाऱ्या त्रासापैकी सुमारे ९० टक्के त्रास निरौषधी गोळीनेही होत होता. त्यांना स्वतःचेच आकडे दाखविल्यावर निम्म्या लोकांनी औषध पुन्हा सुरू केले.

येथवर वाचून ज्याचा असा समज होईल की श्रद्धा असली की पुरे, त्याला मी माझ्या आत्याची गोष्ट सांगतो. आत्या तीस वर्षांची दमेकरी. एका वर्षी कोणाच्या तरी सांगण्यावरून ती दूरच्या एका गावी गेली. तेथे कोजागिरीच्या रात्री चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून दम्याचे औषध देत असत, आणि देणाऱ्याने पथ्याबरोबर अशीही ताकीद दिली की आता पंप घ्यायचा नाही. परत आली ती उजळलेल्या चेहऱ्याने. जिना चढून माझ्याकडे आली, दम लागला नाही म्हणाली, रात्री आडवी झोपू लागली. आम्ही कोणी काही बोललो नाही, याचा सल मला अजून आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे फटाक्यांचा धूर गल्लीत कोंडला असताना तिला आम्ही खुर्चीत बसवूनच खाली उतरविले. ओठ निळे पडले होते, दोन शब्दांच्या मध्ये श्वास घ्यावा लागत होता. प्राणवायूवर दोन दिवस काढल्यानंतर पहिले पुरे वाक्य ती बोलली ते असे, "अरे, मला खरंच बरं वाटत होतं रे."

तिला बरे वाटत होते, यात तिळमात्र खोटे नाही. २०११ साली बॉस्टनमधील संशोधकांनी दम्याच्या ३९ रोग्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला तेव्हा तिचे वाक्य मला आकड्यांत लिहिलेले आढळले. प्रत्येक रोग्याला निरनिराळ्या दिवशी खरा पंप, निरौषधी पंप, टोचल्याचे सोंग असलेले ॲक्युपंक्चर आणि काहीच नाही, असे चार प्रकार देण्यात आले, आणि प्रत्येक वेळी दोन गोष्टी मोजण्यात आल्या: रोग्याला किती बरे वाटते, आणि फुंकर मारल्यावर छातीतून हवा किती जोराने बाहेर येते. बरे वाटण्यात खरा पंप ५० टक्के, खोटा पंप ४५ आणि खोटे ॲक्युपंक्चर ४६, म्हणजे जवळजवळ सारखेच. काहीच न मिळालेल्यांना मात्र २१. परंतु फुप्फुसांची क्षमता खऱ्या पंपाने सुमारे २० टक्क्यांनी वाढली, आणि उरलेल्या तिन्ही प्रकारांत सुमारे सातच टक्क्यांनी. रोग्याच्या तोंडाला विचारले तर खोटा पंप खऱ्याच्या तोडीचा, त्याच्या छातीला विचारले तर तो काहीच न देण्यासारखा. मराठीने 'बरे वाटणे' आणि 'बरे होणे' असे दोन स्वतंत्र प्रयोग राखून ठेवले आहेत, आणि या विषयातील जवळजवळ सारे शहाणपण त्या दोन क्रियापदांतील अंतर ओळखण्यात आहे. विश्वास हा वेदना, मळमळ, थकवा, भय, निद्रानाश यांवर अंमल चालवितो, कारण ही मेंदूची हद्द आहे. अर्बुदाची गाठ, क्षयाचे जंतू, आकसलेली श्वासनलिका यांच्या दरबारात त्याची शिफारस चालत नाही.

शिवाय बरे वाटण्याचे सारे श्रेय विश्वासाला देणे हेही न्यायाचे नाही. माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणे शिगेला पोचल्यावर, आणि शिगेला पोचलेले बहुतेक दुखणे त्यानंतर उतरणारच असते. मधल्या काळात जो भेटला त्याला यश मिळते. डेन्मार्कमधील दोन संशोधकांनी २००१ साली शंभराहून अधिक अभ्यासांची छाननी केली आणि निरौषधी गोळीची तुलना औषधाशी न करता कसलाच उपचार न घेणाऱ्यांशी केली, तेव्हा तिचा म्हणून उरलेला गुण वेदनेसारख्या, रोग्यानेच सांगावयाच्या तक्रारींपुरता आणि तोही माफक असल्याचे दिसले. बीचरचा फुगलेला आकडा येथे खाली आला. डॉक्टरही या भ्रमातून सुटलेले नाहीत. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे गुडघ्याच्या झिजेसाठी दुर्बिणीतून करण्यात येणाऱ्या शस्त्रक्रियेची परीक्षा १८० रोग्यांवर झाली. काहींच्या गुडघ्यावर त्वचेला छेद दिले, हत्यारे मागविली, पाणी उडविल्याचा आवाज केला आणि आत काहीही न करता टाके घातले. दोन वर्षेपर्यंत खऱ्या शस्त्रक्रियेने या सोंगापेक्षा अधिक काही साधले नाही, असे २००२ साली जाहीर झाले. त्यापूर्वी ती शस्त्रक्रिया करणारे शल्यविशारद लबाड नव्हते. आपल्या रोग्यांना बरे वाटते हे ते रोज डोळ्यांनी पाहत होते.

मग हातगुणाचे करावयाचे काय? आपल्याकडे प्रचलित असलेले उत्तर मला अत्यंत आक्षेपार्ह वाटते. ते उत्तर म्हणजे सुई. अशक्तपणा म्हणून सलाइनची बाटली, कणकण म्हणून बी-कॉम्प्लेक्सचे इंजेक्शन, साध्या सर्दीवर अँटिबायोटिकची पुडी. सुई टोचली नाही तर रोगी दुसऱ्या दवाखान्यात जाईल, अशी डॉक्टरांची कैफियत असते, आणि ती अगदीच निराधार असते असेही नाही. परंतु यात विश्वास विकत घेतला जातो तो रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाच्या दिवसाच्या मजुरीने, आणि त्याला शिकवण मिळते ती अशी की सुईवाचून आपले शरीर बरे होत नाही. अँटिबायोटिकची गोष्ट तर याहून गंभीर, कारण ते निरौषधी नाही. सर्दीच्या विषाणूवर ते निरुपयोगी आहे आणि शरीरातील जंतूंना मात्र ते औषधाला न जुमानण्याची तालीम देते. खोटे बोलल्यावाचून विश्वासाचा लाभ होत नाही, हे गृहीतच मुळात खरे नाही. टेड कॅपचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली आयबीएस म्हणजे पोटाच्या जुनाट दुखण्याच्या ८० रोग्यांपैकी काहींच्या हाती अशी बाटली दिली की जिच्यावर, हिच्यात औषध नाही, असे स्पष्ट छापले होते. आणि अशा गोळ्यांनीही शरीराचे स्वतःचे उपाय जागे होतात, हे त्यांना नीट बसवून समजावून सांगितले. तीन आठवड्यांनी त्यांच्यापैकी ५९ टक्क्यांना पुरेसा आराम पडला, गोळी न मिळालेल्यांपैकी ३५ टक्क्यांना. मला या आकड्यांपेक्षा 'नीट बसवून समजावून सांगितले' हे शब्द महत्त्वाचे वाटतात. त्याच कॅपचुकांनी त्यापूर्वी, २००८ साली, अशाच २६२ रोग्यांवर लटक्या ॲक्युपंक्चरचा प्रयोग केला होता; ज्यांच्याशी उपचारकाने पाच मिनिटांहून कमी आणि कामापुरतेच बोलणे केले त्यांपैकी ४४ टक्के, आणि ज्यांच्याशी पहिल्या भेटीत पाऊण तास बसून आस्थेने विचारपूस केली त्यांपैकी ६२ टक्के लोकांना पुरेसा आराम पडला; नुसती वाट पाहत राहिलेल्यांचे प्रमाण होते २८.

चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी, आणि रोग्याच्या गुणांत अभीरुत्व आणि ज्ञापकत्व हे दोन गुण मोजले आहेत, म्हणजे भय न धरणे आणि आपल्याला काय होते ते सांगता येणे. हे दोन्ही गुण रोगी घरून घेऊन येत नाही. ते त्याला समोर बसलेल्या माणसाकडून मिळतात. मागल्या वर्षी एका सरकारी इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागात मी एका वृद्ध शेतकऱ्याबरोबर गेलो होतो. पहाटेची एस.टी., केसपेपरची रांग, मग दाराशी रांग, आणि आत गेल्यावर तरुण डॉक्टरांनी मान वर न करता विचारले, "काय होतंय?" म्हाताऱ्याने सुरुवात केली ती पेरणीपासून, कारण त्याचे दुखणे पेरणीच्या दिवसांत सुरू झाले होते. तो पावसापर्यंत पोचण्याआधीच चिठ्ठी लिहून झाली होती. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, त्यांच्या दाराबाहेर आणखी शेकडो माणसे उभी होती. पण चिठ्ठीवर लिहिलेले चांगले औषध त्या म्हाताऱ्याला तुरिनच्या यंत्राने सोडलेल्या औषधासारखे मिळाले, त्यातील माणसाचा वाटा वजा होऊन, आणि परतीच्या गाडीत तो मला म्हणाला, "दादा, त्यांनी हात लावला नाही. हात लावल्याबिगर कसं कळंल?" गावी उतरल्यावर तो चिठ्ठी खिशात ठेवून आधी देवऋष्याकडे गेला, कारण देवऋष्याला वेळ होता.

देवऋषी, खीर वाटणारे आणि वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन मधुमेह समूळ घालविणारे, या सर्वांचे भांडवल एकच असते, आणि ते आपल्या दवाखान्यांनी टाकून दिलेले असते. त्यांच्या दाव्यांना आळा घालण्यासाठी १९५४ साली केलेला औषधे व जादुई उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आपल्याकडे आहे, आणि कर्करोग, मधुमेह, अपस्मार यांसारख्या रोगांवर हमखास उपायाची जाहिरात करण्यास त्यात मनाई आहे; त्याची अंमलबजावणी कडक व्हावी आणि अशी जाहिरात छापणाऱ्या वर्तमानपत्रांनाही ती लागू पडावी, हे मी या वर्तमानपत्राच्या पानावरच लिहीत आहे. पण कायद्याने टाकलेले पाऊल दवाखान्याने टाकावयाच्या पावलाची जागा घेऊ शकत नाही. सरकारी दवाखान्यांतील डॉक्टरांच्या रिकाम्या जागा भराव्यात, म्हणजे एका रोग्याला दहा मिनिटे मिळतील. आणि वैद्यकीय महाविद्यालयांत रोग्याशी बोलण्याची विद्या शेवटच्या बाकावरचा विषय न राहता परीक्षेत गुण देऊन शिकविली जावी. रोग्याला हात लावणे, त्याची पेरणीपासूनची हकीकत ऐकणे, औषध काय करील आणि किती दिवसांत करील हे खरेखरे सांगणे, यांना सौजन्याच्या सदरात घालू नये. तो औषधाच्या मात्रेचाच भाग आहे, आणि तो न देणे म्हणजे मात्रा कमी देणे होय.

आत्या आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिला ज्या नव्या डॉक्टरीणबाई मिळाल्या त्यांनी पहिल्या भेटीत तिची खिरीची गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेतली, हसल्या नाहीत, आणि मग तिच्या हाती फुंकर मारावयाची नळी देऊन पंपाच्या आधीचा आणि नंतरचा आकडा तिलाच वाचावयास लावला. कोजागिरीला आमच्याकडे आटीव दूध होते, ते ती आवडीने पिते. उशाशी पंप असतो. वाचकांपैकी ज्यांच्या घरी दमा, मधुमेह, रक्तदाब किंवा फेफरे यांचा रोगी आहे त्यांना माझी एवढीच विनंती आहे की अंगारा लावायचा असेल तर लावा, नवस बोलायचा असेल तर बोला, पण पंप, इन्सुलिन आणि रोजची गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून एक दिवसही बंद करू नका, रोग्याला कितीही बरे वाटत असले तरी.